पांगतीचे ससाणे

आज पहाटे नागालँडमध्ये पांगती गावाजवळ, दोयांग जलाशयाच्या काठावर होते. उजाडलं आणि झाडांवरून अमूर ससाणे उठू लागले. आधी शे-दोनशे, मग मोजणंच सोडून दिलं. नुसतं बघत राहिले.

दुर्बिणीत एक नर सापडला. राखाडी अंग, केशरी-तांबडे पाय. पायात पकडलेली पंखवाली वाळवी उडता उडताच खात होता. जेमतेम दीडशे ग्रॅमचा जीव! सायबेरिया, उत्तर चीनकडून यायचं, इथे वाळवीवर ताव मारून अंगावर चरबी चढवायची आणि मग भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिका गाठायची. काही थवे आपल्या महाराष्ट्रावरूनही जातात.

२०१२ साली इथेच जाळी लावून हे पक्षी हजारोंनी मारले गेले. मग गावानं ठरवलं आणि २०१३ मध्ये शिकार थांबली. आमच्यासोबतचे काका पूर्वी स्वतः जाळी लावायचे. आज अंधारात कुणीतरी टॉर्च लावला, तर त्यांनी झटकन हातानं झाकला. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, तेव्हा या. आणि मुक्काम गावातच करा, पैसा पांगतीतच राहायला हवा.