लग्नाचा 50वा वाढदिवस आणि सगळ्यांसाठी एकच टोस्ट

आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं झाली तेव्हा टोस्टचं, म्हणजे सगळ्यांनी ग्लास उंचावून शुभेच्छा देण्याचं, सगळं मी माझ्याकडे घेतलं. पाहुणे साधारण 40, त्यात मामा-मावशीकडचे वाइन घेणारे, आत्या आणि काका हात न लावणारे, शिवाय पोरंटोरं. आपल्याकडे अशा वेळी घेणाऱ्यांना उंच काचेचे ग्लास आणि बाकीच्यांना कागदी कपात कोल्ड्रिंक देतात, ते मला अजिबात नको होतं. ज्या आत्याने आईला या घरात पहिल्या दिवसापासून सांभाळून घेतलं तिने कागदी कप का उचलायचा? म्हणून ठरवलं की ग्लास सगळ्यांना सारखेच, उंच फ्लूट, भाड्याने आणले. घेणाऱ्यांना त्यात बुडबुड्यांची वाइन, बाकीच्यांना कोकम-सोडा.

हॉल सोसायटीचा होता, म्हणून आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाचं एका दिवसाचं लायसन्स काढलं. आणि आपल्याकडे महाराष्ट्रात वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं, त्यामुळे कॉलेजातली भाचरं आपोआप कोकमाच्या बाजूला.

वाइन नाशिकचीच घ्यायची हे पक्कं होतं. सुला आणि शांदों या दोन्ही कंपन्यांच्या स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइन, चांगल्या आहेत, पारंपरिक पद्धतीने म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेल्या, त्यामुळे बुडबुडे बारीक येतात आणि टिकतात. मी ब्रूट घेतली, ती कोरडी असते, नंतर बासुंदी होतीच मग आधी गोड कशाला. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, मुद्दाम टाळली कारण कोकम-सोडा आणि रोझे शेजारी ठेवले तर रंगावरून ओळखू येत नाहीत आणि न घेणाऱ्याच्या हातात चुकून वाइन जाणं मला चाललं नसतं. ब्रूट फिकट सोनेरी, कोकम गुलाबी, ट्रे वेगळे, प्रश्न मिटला. टोस्टला 100 मिली पुरतं, 750 मिलीच्या बाटलीत सात ग्लास होतात, घेणारे 20 धरले तर तीन बाटल्या, मी चार आणल्या.

आता कोकम, यात माझा खरा जीव होता. आमसुलं भिजवून केलेल्या सरबतात मीठ-जिरं असतं, त्यावर सोडा ओतला की फसाफसा फेस वर येतो आणि रंगही गढूळ होतो, म्हणून साखरेतलं अमृत कोकम घेतलं, मलमलच्या फडक्यातून गाळलं, आणि जिरं-मीठ काहीच घातलं नाही. ग्लासात आधी कोकम, मग ग्लास तिरका धरून अगदी गार सोडा हळूहळू. काय सुंदर दिसतं ते! बर्फ ग्लासात टाकायचा नाही, पातळ होतं.

बाटल्या गार करायला नुसता बर्फ नाही, टबात बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं, अर्ध्या तासात काम होतं. गार असणं चवीपुरतं नाहीये, आत साधारण सहा वातावरणांइतका दाब असतो, बाटली कोमट किंवा हलवलेली असेल तर बूच सुसाट उडतं आणि कुणाच्या डोळ्याला लागू शकतं. बुचावरची तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही, बाटली तिरकी धरायची, माणसांकडे तोंड नको, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. हलकासा फुस्स आवाज आला की झालं.

ओततानाही दोन टप्पे, आधी थोडीशी, फेस बसला की दोनतृतीयांशापर्यंत. ग्लास साबणाचा अंश न राहता धुवून सुती कपड्याने पुसले होते, त्या कपड्याचे जे बारीक तंतू काचेला राहतात ना, त्यांच्यावरच बुडबुडे धरतात. मामा बोलायला उभा राहायच्या जरा आधीच ट्रे फिरवले, फार आधी ओतलं तर भाषण संपेपर्यंत सगळं बसून जातं.

आत्याने काकांच्या ग्लासाला ग्लास लावला आणि "अजून दे गं ते गुलाबी" म्हणाली, मग वाइनवाल्यांनीही कोकम मागितलं आणि तेच आधी संपलं, त्यामुळे कोकम हिशोबापेक्षा जास्तच करा. वाइन उरली तर क्लॅम्पचं स्टॉपर लावून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी चांगली लागते. बाटलीत चमचा उभा करून ठेवायचा जो उपाय सांगतात त्याने काही होत नाही.