बीएमआय २२, पुढचे या

"बीएमआय २२, एकदम नॉर्मल, पुढचे या," आरोग्य कॅम्पमधली सिस्टर वजन-उंचीचं गणित करून म्हणाली आणि दादा खूश. हात-पाय काडीसारखे, पोट मात्र शर्टाची बटणं ताणणारं, त्यात आईबाबा दोघंही डायबेटिसवाले. टेबलावर टेप पडलेली, कुणी कंबरेला लावलीच नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांचा फोटो आठवला, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. शेजारी लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१! वजन-उंचीच्या गणितात चरबी किती, कुठे साठलीय हे दिसतच नाही हो, आणि आपल्याकडे ती नेमकी पोटात साठते.

कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० च्या पुढे गेली की डायबेटिसचा धोका वाढतो. दादाला उद्याच लॅबमध्ये नेतोय.

तुमच्या घरातल्या अशा बारीक पण पोट सुटलेल्या माणसाची शुगर शेवटची कधी तपासली होती?