लग्नाचे चित्र, रणांगणाची पार्श्वभूमी

आज सकाळपासून डब्लिनमध्ये रिपरिप पाऊस होता, म्हणून नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये शिरलो आणि डॅनियल मॅक्लिसच्या एकाच चित्रासमोर जवळजवळ तासभर बसून राहिलो. १८५४ मधले हे चित्र सुमारे तीन मीटर उंच आणि पाच मीटर रुंद आहे. विषय लग्नाचा. आयर्लंडमधल्या लेन्स्टर प्रांताच्या राजाने, डर्मट मॅकमरोने, आपले गेलेले राज्य परत मिळवण्यासाठी नॉर्मन सरदार स्ट्राँगबोची मदत घेतली आणि ११७० मध्ये वॉटरफर्ड शहर पडल्यावर आपली मुलगी ईफा त्याला दिली.

पण नजर नवरानवरीवर टिकत नाही. खाली मान घालून उभ्या असलेल्या ईफाच्या भोवती प्रेते, जखमी आणि आक्रोश करणाऱ्या बायका यांचा इतका दाट खच आहे की हे लग्न आहे याचा क्षणभर विसरच पडतो. पुढे एक म्हातारा वादक आपल्या हार्प या तंतुवाद्यावर वाकून बसला आहे. मला तर सगळ्या चित्रात तोच सर्वांत खरा वाटला. बाकीची गर्दी काहीशी नाटकी आहे, हेही सांगायला हवे.

कॉर्कमध्ये जन्मलेल्या याच चित्रकाराने १८३९ मध्ये तरुण चार्ल्स डिकन्सचे व्यक्तिचित्र रंगवले होते. मॅक्लिस एप्रिल १८७० मध्ये गेला. त्यानंतर काही दिवसांतच लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या मेजवानीत डिकन्सने त्याच्याविषयी केलेले भाषण हे त्याचे स्वतःचेही शेवटचे जाहीर भाषण ठरले. बाहेर आलो तेव्हा पाऊस तसाच होता.