आयर्लंडमधल्या गढ्या

लेकीकडे डब्लिनला निघालो तेव्हा ह्यांनी बॅगेत सगळ्यात आधी काय टाकलं, तर ट्रेकिंगचे बूट. कॅसल बघायचे म्हणजे चढ असणारच, हे गृहीत. हरिहर, अंजनेरी, साल्हेर पालथे घातलेल्या माणसाला किल्ला म्हटलं की आधी डोंगर दिसतो.

डब्लिनहून बसने तासाभरात ट्रिमला उतरलो, तर समोर सपाट हिरवळ. कडेने संथ वाहणारी बॉइन नदी, तटबंदीचे तुकडे आणि मधोमध राखाडी दगडाचा एक अवाढव्य बुरूज. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प जितका चढतो, तितकाच काय तो चढ. हे बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत होते. लेक म्हणाली, "बाबा, चिखलाला उपयोगी पडतील." पडलेही.

ट्रिम हा इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन लोकांनी पुढे आयर्लंडमध्ये बांधलेला सगळ्यात मोठा किल्ला. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने ११७२ मध्ये ह्यू द लेसी या सरदाराला मीथ प्रांत देऊन टाकला. म्हणजे आपल्या भाषेत वतन दिलं, फक्त ज्यांची जमीन होती त्यांना कुणी विचारलं नाही. द लेसीने आधी लाकडी किल्ला उभारला. रोरी ओकॉनर या आयरिश राजाची फौज चालून आली आणि तो जळाला. मग मात्र दगड. मधल्या बुरुजाची रचना गंमतशीर आहे: चौकोनी इमारत आणि चारही बाजूंना एकेक चौकोनी मनोरा चिकटवलेला, त्यामुळे बाहेरून मोजले तर वीस कोपरे. चारपैकी तीनच मनोरे आता उरलेत. दिसायला भारदस्त, पण ह्यांचं मत असं की इतके कोपरे म्हणजे शत्रूला लपायला इतक्याच जागा. गाईडबाईही तेच म्हणाल्या, तेव्हा ह्यांची कॉलर ताठ.

त्या बाईंनी भिंतीतली छोटी चौकोनी भोकं दाखवली. मला वाटलं पारव्यांसाठी असतील. ती होती परांचीची. बांधकाम चालू असताना त्यात ओकच्या तुळया खोचून वर फळ्या टाकत. काम संपल्यावर बाहेरचं लाकूड कापून नेलं, आतली टोकं तशीच अडकून राहिली. आठशे वर्षांनी कुणीतरी ती टोकं काढून लाकडातली वलयं मोजली आणि कुठला मजला कधी चढला ते शोधून काढलं. ११७० च्या दशकात सुरू झालेलं काम १२०० नंतरही चालूच होतं. घर बांधताना आमच्या कंत्राटदाराने तीन वर्षं लावली म्हणून मी आजवर कुरकुरत आले, ते मनातल्या मनात मागे घेतलं. द लेसीने तरी पुरा झालेला किल्ला कुठे बघितला? ११८६ मध्ये डरो इथे दुसऱ्याच एका किल्ल्याचं काम बघत असताना एका आयरिश माणसाने कुऱ्हाडीने त्याचं मुंडकं उडवलं.

वरच्या मजल्यावर भिंतीच्या जाडीतच शौचकूप. आपल्या गडांवरही असतात, त्यात नवल नाही. नवल पुढे. उंची कपडे म्हणे इथेच टांगून ठेवायचे, खालून येणाऱ्या उग्र वासाने उवा-पिसवा मरतात म्हणून. मी नाकाला ओढणी लावली, वास जाऊन काही शतकं झाली तरी.

त्या दिवशी मला जे खटकत होतं ते परतीच्या बसमध्ये सुचलं. इथे पाण्याची टाकी, माच्या, चोरवाटा, दारूकोठार असं काही शोधतच होतो आपण. होतं काय, तर दिवाणखाना, देवघर, झोपायची खोली, शौचकूप. फौजेपेक्षा कुटुंबाचीच सोय जास्त. कॅसलला आपण किल्ला म्हणतो खरं, पण ही तर गढी! गावातल्या देशमुखाची असते तशी. फक्त ट्रिमची जरा फारच मोठी.

चार दिवसांनी गॉलवेकडे गेलो तेव्हा खात्रीच पटली. आयर्लंडभर टॉवर हाउस नावाचे उभे, अरुंद, चारपाच मजली वाडे पसरलेत, हजारोंनी. १४२९ मध्ये सहाव्या हेन्रीने डब्लिनभोवतीच्या चार परगण्यांत चक्क अनुदान जाहीर केलं: वीस फूट लांब, सोळा फूट रुंद, चाळीस फूट उंच टॉवर बांधा, दहा पौंड घ्या. मापं ठरलेली, रक्कम ठरलेली. जावई म्हणाला, "बाबा, घरकुल योजना!"

गॉलवेतला ऑखनानूर कॅसल मात्र सरकारी अनुदानातला नव्हे. ओफ्लाहर्टी या अस्सल आयरिश घराण्याने साधारण १५०० च्या सुमारास बांधलेला, कॉरिब सरोवराजवळ, सहा मजली. नावाचा अर्थ 'यू' नावाच्या झाडांचं शेत. भोवती दुहेरी आवार, रात्री गुरं आत घ्यायला. दारात शिरलं की डोक्यावर छतात भोक, नको त्या पाहुण्यावर दगड टाकायला. बाजूला पहारेकऱ्याची खोली. "देवडी!" हे ओरडले. पुढे गोल जिना. उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या शत्रूला चढताना अडचण व्हावी म्हणून तो उजवीकडे वळत जातो, असं तिथे प्रत्येक गाईड सांगतो. असेलही. माझ्या गुडघ्यांना डावं-उजवं काही कळलं नाही. पायऱ्यांची उंची मुद्दाम कमीजास्त ठेवलेली, त्यामुळे दोरीला धरून, मोजत मोजत, बसत उठत वर गेले. वर पोचले आणि पाऊस सुरू. जंगीतून, म्हणजे मारा करायच्या फटीतून, सरोवराच्या दिशेला बघितलं तर नुसतं धुकं.

इंग्रज सेनानी क्रॉमवेल १६४९ ला तोफा घेऊन आला आणि असल्या उभ्या भिंतींचे दिवस भरले. आमच्याकडे नाशिक भागातल्या गडांच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उडवल्या, त्याची आठवण ह्यांनी काढलीच. ती काढल्याशिवाय ह्यांचा कुठलाच प्रवास पुरा होत नाही.

खाली आवारात जेवणावळीचा दिवाणखाना होता. खालून वाहणाऱ्या नदीने जमीन पोखरली आणि तो कोसळला. एकच भिंत उरलीये, तिला खिडक्या. मागे घर नाही, छप्पर नाही, नुसत्या खिडक्या पावसात उभ्या. मी लांबूनच फोटो काढून निघाले होते. हे खिडकीखाली जाऊन मान वर करून उभे. हाका मारल्या, हलेनात. शेवटी छत्री घेऊन जवळ गेले.

कमानीच्या आतल्या अंगाला, पावसापासून जरा वाचलेलं, बारीक कोरीव काम होतं. वेल, पानं आणि पानांमधून लोंबणारे द्राक्षांचे घड. मणी न् मणी सुटा कोरलेला. या ओल्या, ढगाळ मुलखात कारागिराने ही बाग बघितली तरी कुठे असेल?

ओझरच्या आमच्या द्राक्षमळ्यात तीस वर्षं छाटण्या केलेला माणूस. चष्मा पुसून पुन्हा घातला, पुन्हा वर बघितलं आणि म्हणाले, "विरळणी चांगली केलीये हो."