कॅलरिक तपासणी: आधी स्वतःच्या हातावर संशय

कॅलरिक तपासणीत कानात गरम आणि गार पाणी सोडून आतल्या कानाचा तोल सांभाळणारा भाग काम करतो का ते बघतात. कानात पाणी सोडून चक्कर आणायची आहे, असं सांगितलं की पेशंटचा चेहरा उतरतो. मी ते लपवत नाही. ‘मिनिटभर गरगरेल, दोनेक मिनिटांत ओसरेल, आणि गरगरलं तर कान काम करतोय म्हणून आनंद माना,’ एवढं आधीच बोलून टाकते. घाबरलेला माणूस डोळे घट्ट मिटतो, आणि मिटलेल्या डोळ्यांचं रेकॉर्डिंग कॅमेऱ्याला घेता येत नाही. चक्कर येताना डोळा एका बाजूला हळू सरकतो आणि झटक्याने परत येतो, तेच तर मोजायचं असतं.

खरं तर निम्मा निकाल आदल्या दोन दिवसांतच लागलेला असतो. चक्करेच्या गोळ्या निदान ४८ तास बंद हव्यात, त्याही ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांना विचारून. नाहीतर दोन्ही कान सारखेच मंद दिसतात. बीपी, साखर, हृदय, फिट्स यांच्या गोळ्यांना मात्र हात लावायचा नाही. दारू दोन दिवस नको. दोन-तीन तास आधी हलकं खाल्लेलं चालतं. अगदी उपाशीपोटी मळमळ उलट वाढते. आणि काजळ नको. पेशंटला घातलेल्या तपासणीच्या चष्म्यातला इन्फ्रारेड कॅमेरा काळा गोल शोधत असतो, पापणीवर काजळाची रेघ असली की तीच बाहुली समजून बसतो. पडद्यावर आलेख वेडावाकडा नाचतो आणि पहिली दहा मिनिटं पुसापुशीत जातात.

पाण्याआधी कानात डोकावणं टाळायचंच नाही. मळाचा खडा असेल तर पाणी पडद्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि तो कान दुबळा म्हणून रिपोर्टमध्ये जातो. पडद्याला भोक असेल तर पाणी बंद, हवा वापरायची. त्यातही एक गंमत आहे. भोकातून गेलेली गरम हवा आतला ओला पृष्ठभाग सुकवते आणि बाष्पीभवनाने तो गार पडतो. त्यामुळे डोळ्यांचे झटके सुरुवातीला उलट्या दिशेने येतात. अशा कानात डावं-उजवं गणित मांडायचं नाही. कान प्रतिसाद देतो की नाही, एवढंच नोंदवायचं.

कॅलरिक सगळ्यात शेवटी. आधी ऐकण्याची चाचणी, टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा आणि मधला कान यांची तपासणी), डोळ्यांच्या हालचाली, मग डिक्स-हॉलपाईक, म्हणजे मान ४५ अंश वळवून आडवं करून चक्कर येते का ते बघायचं. क्रम उलटवला तर पाण्याने आलेले झटके आणि आडवं केल्याने आलेले झटके वेगळे काढता येत नाहीत.

आता पाणी. पेशंट उताणा, डोकं ३० अंश वर, म्हणजे आतल्या कानातली, तोल सांभाळणारी आडवी अर्धवर्तुळाकार नलिका उभी होते आणि तिच्यातला द्रव तापून वर चढतो किंवा गार होऊन खाली बसतो. पाणी ४४ आणि ३० अंश सेल्सिअस, शरीराच्या तापमानापेक्षा ७ वर आणि ७ खाली. फिट्झगेराल्ड आणि हॉलपाईक यांनी १९४२ मध्ये मांडलेली जोडी अजून तीच आहे. साधारण २५० मिलिलिटर, ३० सेकंदांत. गरम पाण्याने झटके त्याच कानाकडे, गाराने विरुद्ध कानाकडे. सुरुवातीपासून ६० ते ९० सेकंदांच्या दरम्यान ते टोकाला जातात. त्या क्षणी पेशंट गप्प पडून असेल तर मेंदू झटके दाबतो, म्हणून मी सतत बोलतं ठेवते: ‘क’वरून नावं सांगा, शंभरातून सात-सात वजा करत जा. भर ओसरता ओसरता चष्म्यातला दिवा लावून त्याकडे बघायला सांगायचं. झटके निम्म्याहून कमी व्हायला हवेत. नाही झाले तर कान सोडून मेंदूकडे बघावं लागतं. दोन पाण्यांमध्ये निदान ५ मिनिटं थांबायचं, घाई केली तर आधीचा उरलेला परिणाम पुढच्यात मिसळतो.

चार आकडे हातात येतात, डोळा हळू सरकण्याचा वेग, अंश प्रति सेकंद. समजा उजवा गरम २४, गार २०. डावा गरम १०, गार ८. उजव्याची बेरीज ४४, डाव्याची १८, फरक २६, एकूण ६२, म्हणजे डावा कान ४२ टक्के दुबळा. बहुतेक ठिकाणी २५ टक्क्यांच्या आसपास मर्यादा धरतात, हे त्याच्या कितीतरी वर आहे. आता दुसरा संच घ्या: उजवा २४ आणि २२, डावा २५ आणि २. गणित २६ टक्के सांगतं आणि मशीन लाल खूण करतं. पण दुबळा कान गरम आणि गार दोन्हींना कमी बोलतो. एकाच पाण्याला गप्प बसला तर कानाआधी माझी नळी तिरकी धरली होती का, ते बघायचं. तेवढं एक पाणी पुन्हा द्यायचं. हा कंटाळा केल्याने निरोगी कानांवर शिक्का बसतो.

डोक्याला छोटा झटका देऊन करायची व्हीएचआयटीही अशीच फसवते. पट्टा सैल असला की चष्मा सरकतो आणि गेन (डोक्याच्या वेगाच्या तुलनेत डोळ्याचा वेग) १ च्या वर जाऊन सुंदर दिसतो. पट्टा घट्ट, हात जबड्यावर, बोट चष्म्याला लागू द्यायचं नाही. आडव्या नलिकेचा गेन ०.८ च्या वर असेल तर ठीक. कॅलरिक बिघडलेली आणि व्हीएचआयटी नॉर्मल, असा जोड मेनिएर या आतल्या कानाच्या आजारात बऱ्याचदा दिसतो. दोन चाचण्या वेगवेगळ्या गतीला कान तपासतात, त्यामुळे एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

ऐकू कमी येणाऱ्यांत व्हेम्पचा घोळ होतो. व्हेम्प म्हणजे कानात आवाज देऊन मानेच्या स्नायूवर उमटणारी लाट मोजायची चाचणी. नसेमुळे आलेला बहिरेपणा कितीही असला तरी मानेच्या स्नायूवरची लाट येऊ शकते, कारण ती सॅक्युलची, म्हणजे आतल्या कानातल्या तोलाच्या एका पिशवीची आहे, ऐकण्याची नव्हे. उलट मधल्या कानात साधा द्रव साठला तरी हेडफोनने दिलेली व्हेम्प गायब होते. तिथे हाडावरचा व्हायब्रेटर लावायचा. आणि मान एका बाजूला कमी ताणली तर लाट बुटकी येते, म्हणून स्नायूचा ताण पडद्यावर बघतच मोजायचं.

शेवटी १५ मिनिटं बसवून ठेवते, गाडी चालवत जाऊ देत नाही. रिपोर्टच्या पहिल्या ओळीत शेवटची गोळी कधी घेतली आणि कुठलं पाणी पुन्हा दिलं ते लिहिते, आकडे त्याखाली.