दोन टक्के व्याज जातं कुठं?

"बचत गटात तुम्ही महिना दोन टक्के व्याज लावता. म्हणजे वर्षाचे चोवीस झाले. मग सावकारात आन् तुमच्यात फरक काय?" गावात जो नवा साहेब येतो तो हे विचारतोच. आता तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

गटाचा हिशोब माझ्याकडं असतो, तर आधी हिशोबच बघा. पाच हजार उचलले, दहा महिन्यांत फेडायचे. दर महिन्याला पाचशे मुद्दल आणि राहिलेल्या मुद्दलावर दोन टक्के. पहिल्या महिन्याला व्याज १००, शेवटच्याला १०. सगळं मिळून ५५०. सावकार महिना शेकडा पाचनं देतो आणि मुद्दल एकरकमी मागतो. दहा महिन्यांत त्याच्या घरी २५०० जातात, पाच हजार डोक्यावर तसेच. आमचे साडेपाचशे गटाच्याच खात्यात पडतात. त्यात भरणारीचाही वाटा असतोच.

नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ साली गट बँकांना जोडायला सुरुवात केली. आता उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांना तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. पण त्याला पंचसूत्री लागते: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब, सगळं नियमित. हे नियम लिहिणाऱ्यानं दिवाळीनंतरचं बीड बघितलेलं नसावं. निम्म्या बाया ऊसतोडीला, बैठक कुणाची घ्यायची? मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, हातात पडली की काहीजणी पुढच्या महिन्यांची बचत आधीच भरून जातात. बाकीच्या उसाच्या फडातून फोनपे करतात, रेंज मिळाली तर. मागं राहिलेल्या आम्ही सतरंजी टाकून बसतो.

खरी कसोटी व्याजाची नाहीच, पैसे आधी कुणाला द्यायचे याची आहे. जूनच्या बैठकीत पेटीत सात हजार आणि मागणाऱ्या तिघी. एकीच्या लेकीचं बाळंतपण, एकीच्या पोराची फी, एकीला सोयाबीनचं बियाणं. आवाज चढले, मागची येणी निघाली, कुणी कधी हप्ता चुकवला तेही निघालं. सावकाराच्या ओट्यावर असं बोलायची सोय नसते. शेवटी बियाणंवालीच म्हणाली, "आधी ह्या दोघींना द्या गं. पाऊस कुठं पडलाय अजून?" मी ठरावाच्या वहीत तसंच लिहिलं: बियाण्याचं कर्ज मंजूर, रक्कम पाऊस पडल्यावर. बँकेतल्या साहेबानं तो ठराव दोनदा वाचला.