किती पूल चढायचे?

आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, सपाटीवर हवं तेवढं चाला, फक्त जिने टाळा. त्यानंतर दोन महिन्यांतच आईनं जाहीर केलं की तिला व्हेनिस बघायचंय. चारशेच्या वर पूल असलेलं गाव, आणि बहुतेक पुलांना दोन्हीकडून पायऱ्या. रिक्षा नाही, टॅक्सी म्हणजे मोटारबोट आणि तिचं भाडं ऐकूनच घाम फुटावा असं.

बाबा म्हणाले, "तिला नाही म्हणून बघ." मी बघितलं नाही. एक वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: पूल.

पहिली चूक स्वस्ताईची केली. व्हेनिसच्या खोल्यांचे दर बघून मी पाडुआत राहायचं ठरवत होतो. रेल्वेनं अर्ध्या तासाचं अंतर, सकाळी जायचं, रात्री परत. मग प्रवेश शुल्काची भानगड कळली. २०२४ पासून ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्याला पैसे भरावे लागतात. आम्ही गेलो त्या २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते. चार दिवस आधी भरले तर माणशी ५ युरो, उशीर केला तर १०. मुक्कामाला राहणाऱ्यांना माफी. समोरच्या किनाऱ्यावरचं मेस्त्रे त्याच पालिकेत येतं, म्हणून तिथे राहणाऱ्यांनाही माफी, पाडुआत उतरणाऱ्या पर्यटकांना नाही. पण खरं सांगायचं तर ५ युरोंसाठी मी बेत बदलला नाही. दुपारी आईचे गुडघे बोलायला लागले की तासभर आडवं व्हायला खोली जवळ हवी. पाडुआ बाद.

महिना ठरवायला वेळ लागला नाही. ऑक्टोबर ते जानेवारी भरतीचं पाणी चढतं. २०१९ च्या १२ नोव्हेंबरला ते १८७ सेंटिमीटरवर गेलं होतं. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी ७८ दरवाजे उभे करून मोठी भरती अडवतात, तरी मला आईला गमबूट घालून फिरवायचं नव्हतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी. मे उरला. त्यातही ४ मेनंतर शुल्काचे दिवस शुक्रवार ते रविवार होते, म्हणजे पालिकेनंच सांगून टाकलं की गर्दी केव्हा असते. आम्ही सोमवार, १२ मेला उतरायचं आणि गुरुवारी संध्याकाळी फ्लोरेन्सची गाडी पकडायची असं ठरवलं.

आता खोली. तिथल्या पालिकेनं चालायला त्रास असणाऱ्यांसाठी नकाशे केलेत. कुठला भाग एकही पूल न चढता, नुसत्या वापोरेत्तोनं, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसनं गाठता येतो ते त्यात दिसतं. माझ्या वहीतलं सगळ्यात कामाचं पान त्यावरूनच तयार झालं. आणखी एक खूण सापडली: गल्लीच्या नावात 'रिओ तेरा' असेल तर तो बुजवलेला कालवा. म्हणजे रुंद आणि सपाट. मी नकाशावर 'रिओ तेरा' शोधत बसायचो आणि बायको विचारायची, आज किती बुजवले?

शेवटी कॅनारेजिओ भागात का दोरो थांब्याजवळ खोली घेतली. मालकिणीला मी तीन ईमेल केले, तिन्हींत एकच प्रश्न: थांब्यापासून दारापर्यंत पूल आहे का? तिसऱ्या उत्तरात फक्त 'नो' होतं, मोठ्या अक्षरांत.

मग व्हिसा. माणशी ९० युरो फी, बँकेची स्टेटमेंट, रिटर्न, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, हे सगळं सगळ्यांनाच लागतं. आमचं अडलं पत्त्यावर. खिडकीतला मुलगा म्हणाला, "सर, रस्त्याचं नाव राहिलंय." राहिलं नव्हतं. व्हेनिसचा टपालाचा पत्ता म्हणजे भागाचं नाव आणि एक आकडा, बस. शहराचे सहा भाग, त्यांना सेस्तिएरे म्हणतात, आणि घरांचे नंबर रस्त्यावर नव्हे तर अख्ख्या भागात फिरत जातात. त्या मुलाला काही पटेना. मागून बाबा पुढे आले. "आमचा जुना पत्ता काय होता? घर नंबर आणि नारायण पेठ. रस्ता कोणी लिहिला होता? तरी पोस्टमन येत होता ना?" मुलगा पुण्याचाच असावा. हसला आणि कागद आत घेतला.

दुसरं अडलं ती मात्र आमची चूक. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो हे माहीत होतं, तो घेतलाही होता. पण परतीचं विमान रात्री बारानंतरचं, म्हणजे तारीख पुढची, आणि पॉलिसी आदल्या दिवशी संपत होती. तिथेच खुर्चीवर बसून फोनवरून एक दिवस वाढवला.

विमानतळावरून बस पियाझ्झाले रोमापर्यंत जाते, त्यापुढे चाकं संपतात. बॅगांची चाकंसुद्धा, कारण पूल आला की बॅग हातात. आम्ही तिथूनच एक नंबरचा वापोरेत्तो धरला. तीन दिवसांचा, ७२ तासांचा पास ४५ युरोंना. बाबांनी लगेच पीएमटीच्या पासाशी तुलना केली. पण सुटं तिकीट साडेनऊ युरोंचं आहे आणि तेही ७५ मिनिटांपुरतं. दिवसातून दोनदा चढलं तरी पास परवडतो. आमचं तर रोज पाच-सहादा चढणं झालं. आईला पुढची उघड्यावरची खुर्ची मिळाली की ती उतरायलाच मागायची नाही.

जेवणाचं एक सांगतो, शाकाहारी असाल तर. 'बिगोली इन साल्सा' नावाचा पदार्थ यादीत साधा कांद्याचा पास्ता वाटतो. त्यात खारवलेले मासे विरघळवलेले असतात. मी वाचून गेलो होतो म्हणून वाचलो.

गोंडोलाचा सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो. आई म्हणाली, नको बाई. पण वहीत एक ओळ होती: सांता सोफिया, त्रागेत्तो. आमच्या थांब्याला लागूनच हा घाट आहे. तिथून शहरामधला मोठा कालवा, ग्रँड कॅनाल, ओलांडायला गोंडोलाच असते, माणशी २ युरो, दोन-तीन मिनिटं. रिअल्टोचा पूलही टळतो. मंगळवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. गावची माणसं होडीत उभी राहिली होती, वल्हेवाल्यानं आईला हात धरून बसवलं. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली आणि काठ येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

वहीत एक गोष्ट लिहायची राहिली होती. पलीकडचा घाट मासळीबाजाराचा. बर्फावर ओळीनं मांडलेले माखले, त्यांच्या काळ्या शाईचे ओघळ, आणि तो वास. आईनं नाकाला ओढणी लावली, दोन पावलं पुढे गेली, थांबली.

"चल," म्हणाली, "त्याच होडीनं परत."

आणखी सहा युरो.